खारे पाणी, नितळ पाणी आणि मासे

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद हे तालुक्याचे गाव आहे. येथून समुद्र गाठायचा तर सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर जावे लागेल. तरीही खारे पाणी म्हणजे काय, हे येथल्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. तालुक्याच्या उत्तरेला डोंगराला लागून असलेल्या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी गोडे लागते. तेथून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरू लागले, की विहिरींचे पाणी मचूळ होत जाते आणि पुढे ते चक्क खारट लागते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो.

अशा ठिकाणच्या शाळेने प्रयोगशाळेत समुद्री माशांची काचपेटी ठेवायचे मनात आणले, तर दोन प्रश्न लगेच पुढे येतील. खारे पाणी आमच्या विहिरीतच आहे, मग तेच वापरले तर चालणार नाही का? आणि पेटीतले पाणी नितळ राहावे म्हणून काय करायचे? दुसरा प्रश्न मत्स्यालय पाळणारे जगभर विचारतात, आणि त्याचे उत्तर देण्याच्या घाईत पुष्कळ मासे मरतात. कारण पाणी नितळ करण्याचे जे उपाय आपल्याला ठाऊक असतात, ते बहुधा पिण्याच्या पाण्यासाठीचे असतात. त्या पाण्यात कोणी चोवीस तास श्वास घेणार नसते.

मीठ घातले म्हणजे समुद्र होत नाही

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९.३ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियमही साधारण ०.४ ग्रॅम असते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि १८८४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खारेपणा कमीजास्त असला, तरी निरनिराळ्या क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण सगळ्या महासागरांत जवळजवळ सारखेच असते, असे त्यातून दिसले. समुद्री माशांचे शरीर लक्षावधी वर्षे याच प्रमाणाला सरावले आहे.

विहिरीच्या खाऱ्या पाण्याला असा कोणताच नियम लागू पडत नाही. खारपाणपट्ट्यातील पुष्कळ विहिरींत लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे हे पाणी माणसाला फार खारे आणि समुद्री माशाला फारच आळणी. शिवाय क्षारांचे प्रमाणही वेगळे. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट यांचे पारडे जड असू शकते, तर पोटॅशियम बहुधा अगदी थोडे असते. कारण भूजल मातीतून झिरपताना चिकणमातीचे खनिज पोटॅशियमला धरून ठेवते.

हा पोटॅशियमचा मुद्दा वरवरचा नाही. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे एक केंद्र आहे. तेथे खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्याचे प्रयोग झाले. एकूण खारेपणा समुद्राजवळच्या निमखाऱ्या पाण्याइतका असूनही नुसत्या भूजलात कोळंबी तग धरत नसे. पाण्यात पोटॅशियमची भर घातल्यावर ती जगू आणि वाढू लागली. कल्ल्यांच्या पेशी सोडियम आत-बाहेर करतात ते पोटॅशियमच्या बदल्यात. पोटॅशियमच नसेल तर हा सारा व्यवहार अडतो. यासाठी वापरतात ते म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे आपल्याकडचे कपाशीचे शेतकरी पोत्याने आणतात तेच खत.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. विहिरीच्या पाण्यात घरचे मीठ घालून खारेपणा ३५ वर नेला तरीही ते नकारार्थीच राहील. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियम-क्लोराइड पुरेसे झाले तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम येणार कोठून?

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. नवे समुद्राचे पाणी रोज मिळणे शक्य नव्हते, म्हणून आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहण्याचे काम त्यांनी घरच्या मोलकरणीला दिले. हवा पाण्यात मिसळण्याचा हा पंप बिनविजेचा होता आणि प्रवाळ त्यावर जगले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस याने मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांपासून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृती प्रसिद्ध केली. आज बाजारात मत्स्यालयासाठी मिळणारे मिश्र क्षार ही त्याच कृतीची सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते मरीन ड्राइव्हवर, म्हणजे समुद्र दारातच होता. जळगाव जामोदला मात्र गॉसच्याच वाटेने जावे लागेल: क्षार बाहेरून आणायचे आणि त्यांत घालायचे पाणी शक्य तितके कोरे हवे. खारपाणपट्ट्यात गावोगावी जारमधून विकले जाणारे आरओचे पाणी किंवा पत्र्यावरून नव्हे तर उघड्यावर धरलेले पावसाचे पाणी यासाठी योग्य. १०० लिटरला साडेतीन ते चार किलो मिश्रण लागते. ते विरघळवून एक दिवस हवा सोडत ठेवावे आणि मगच वापरावे. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ यांच्या दरम्यान आले पाहिजे. एवढे मोजण्यापुरता तरंगमापी शाळेच्या प्रयोगशाळेत असतोच.

मासा पाण्यात असून तहानलेला

पाण्यात आपण जे घालू ते माशाच्या पोटात जाते की नाही? गोड्या पाण्यातल्या माशाबाबत याचे उत्तर एक आहे आणि समुद्री माशाबाबत दुसरे.

माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असते. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारे. परासरणाच्या नियमाने पाणी त्याच्या कल्ल्यांतून आपोआप आत शिरते. त्याला पाणी प्यावे लागत नाही, उलट भरपूर पातळ लघवी करून ते बाहेर टाकावे लागते. समुद्री माशाची परिस्थिती नेमकी उलटी. त्याच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढले जाते, आणि पाण्याने वेढलेला असूनही तो कोरडा पडण्याच्या बेतात असतो. म्हणून तो समुद्राचे पाणी सतत पितो, त्यातले पाणी आतड्यात शोषून घेतो आणि जादा क्षार कल्ल्यांतील खास पेशींमार्फत बाहेर टाकतो. मनुके आणि मिठाच्या द्रावणाचा प्रयोग आपण आठवी-नववीच्या वर्गात करतो. तेथेच हे उदाहरण दिले तर परासरण मुलांच्या कायमचे लक्षात राहते, असे आम्हांला वाटते.

यातून व्यवहारातली एक गोष्ट निघते. समुद्री माशांच्या पेटीत पाणी स्वच्छ करण्यासाठी जे काही टाकू, ते मासा पिणार आहे. आणि कल्ल्यांच्या पेशींना इजा करणारी कोणतीही वस्तू त्याचे श्वसन आणि क्षार बाहेर टाकण्याचे काम, दोन्ही एकदम बिघडवते.

गढूळपणा कशाचा, हे आधी ओळखावे

काळ्या मातीची चिमूट दोन पेल्यांत घ्या. एका पेल्यात पावसाचे पाणी घाला, दुसऱ्यात तेच पाणी पण चमचाभर मीठ विरघळवून. दोन्ही चांगले ढवळून तासभर ठेवा. मिठाच्या पेल्यात माती खाली बसून वरचे पाणी निवळलेले दिसेल. साध्या पाण्याचा पेला बराच वेळ गढूळच राहील. माती चोपण जमिनीतली असेल तर हा फरक अधिकच उठून दिसतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यात क्षार विरघळले की या भाराचा प्रभाव आखडतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. नद्या समुद्राला मिळतात तेथे गाळ साचून त्रिभुज प्रदेश तयार होतात, त्याचे एक कारण हेच.

आता हा प्रयोग काचपेटीला लावून पाहू. समुद्रासारख्या खाऱ्या पाण्यात मातीचा गढूळपणा टिकूच शकत नाही. नवी वाळू घातल्यावर उठलेली धूळ एक-दोन दिवसांत बसते. त्यानंतरही पाणी ढगाळ राहिले, तर कारण मातीचे नाही. ते एकतर जिवंत आहे किंवा रासायनिक.

पेटीतले पाणी स्वच्छ पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरावे. हिरवट दिसले तर ती एकपेशीय शैवाले. उजेड जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट साचलेले, एवढा त्याचा अर्थ. पाणी पारदर्शक पण फिकट पिवळे दिसले, तर अन्न आणि विष्ठा कुजून तयार झालेली विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये साठली आहेत. ती कितीही गाळली तरी गाळणीत अडकत नाहीत. पाणी दुधाळ असेल तर दोन शक्यता राहतात. पेल्यात थोडे व्हिनेगर टाकून ढवळावे. दुधाळपणा विरला तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका होता. विरला नाही, आणि पाण्याला किंचित कुबट वास येत असेल, तर ती जिवाणूंची बेसुमार वाढ आहे.

कॅल्शियम कार्बोनेटचा साका खारपाणपट्ट्यात विशेष संभवतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट ही जोडी आधीच काठोकाठ भरलेली असते. त्यात बायकार्बोनेटने भरलेले विहिरीचे पाणी मिसळले, किंवा पीएच वाढवावा म्हणून कोणी मूठभर सोडा टाकला, की पांढरा धुरळा उठतो. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून जो पांढरा थर चढतो त्याचाच हा भाऊबंद. मासे याने लगेच मरत नाहीत. उपाय म्हणजे काहीही न टाकता वाट पाहणे, आणि पुढच्या वेळी कोरे पाणी वापरणे.

जिवाणूंचा दुधाळपणा मात्र धोक्याचा. जादा पडलेले अन्न किंवा दगडामागे मेलेला एखादा मासा यांवर जिवाणू वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. तो खाऱ्या पाण्यात आधीच कमी असतो. २५ अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८. पाणी ३० अंशांवर गेले की समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपासच उरतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाणी गाळण्याच्या आधी हवेचा पंप वाढवावा आणि अन्न बंद करावे. मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणे अवघड आहे, कारण पेटीपाशी येणारा प्रत्येक जण चिमूटभर अन्न टाकायला उत्सुक असतो.

नितळ पाण्यातले विष

गढूळ पाणी निदान डोळ्यांना दिसते. खरा घातक पदार्थ पाण्याला रंगही देत नाही. मासा प्रथिने पचवतो तेव्हा त्यातील नायट्रोजन बहुतांश अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत राहतो: विद्युतभारित अमोनियम आयन, जो फारसा अपाय करीत नाही, आणि भाररहित अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. कोणते रूप किती, हे पीएचवर ठरते. पीएच ७ असताना भाररहित अमोनिया शेकडा अर्धाच असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि तेथे तो शेकडा सहा-सात भरतो.

फळ्यावर हिशेब मांडून पाहू. १०० लिटरच्या पेटीत रोज १ ग्रॅम कोरडे अन्न टाकले. त्यात ४० टक्के प्रथिने, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा अमोनिया होऊन बाहेर पडला असे धरले तर ३२ मिलिग्रॅम, म्हणजे दर लिटरला सुमारे ०.३ मिलिग्रॅम. त्याचे साडेसहा टक्के ०.०२. तीन दिवसांत ०.०६. भाररहित अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या घरात गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते. एवढे सगळे होईपर्यंत पाणी काचेसारखे स्वच्छ असते. तेच अन्न पीएच ७ च्या गोड्या पाण्याच्या पेटीत टाकले असते तर हा आकडा तीन दिवसांनी ०.००५ च्याही खाली राहिला असता. समुद्री पेटी नवशिक्याला का झेपत नाही, याचे मुख्य कारण या दोन आकड्यांत आहे.

बुलढाणा जिल्ह्यातच याचे टोकाचे उदाहरण आहे. लोणार सरोवराच्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो, आणि त्या पीएचला अमोनियाचा चार पंचमांशाहून अधिक भाग भाररहित असतो. त्या पाण्यात मासे नाहीत. एकटा अमोनियाच त्याला जबाबदार आहे असे नव्हे, इतका अल्कधर्मी दाह कल्ले सोसू शकत नाहीत. पण शैवाले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव तेथे सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेही अशाच सूक्ष्मजीवांमुळे.

पेटीतील अमोनियाचा बंदोबस्त आपण करत नाही, जिवाणू करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. गोड्या पाण्यात नायट्राइटही घातक. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने कल्ल्यांशी नायट्राइटला फारसा थारा मिळत नाही, ही समुद्री पेटीच्या बाजूची एक जमेची गोष्ट. जुन्या पुस्तकांत या कामाचे श्रेय नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर या दोन जिवाणूंना दिलेले आढळते. पुढे मत्स्यालयांच्या गाळण्यांत नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरा सापडू लागला. आणि २००५ साली अमेरिकेतील सिएटल येथील मत्स्यालयाच्या एका टाकीतील खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. हा जिवाणू नव्हेच, तो आर्किया या निराळ्या कुळातला. असे जीव महासागरांत अफाट संख्येने आहेत असे नंतर दिसून आले. माशांच्या टाकीतली खडी विज्ञानाला एवढे काही दाखवून जाईल, असे कोणाला वाटले असते?

हे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर पेटीत मासे न सोडता अमोनियाचे दोन-चार थेंब किंवा कोळंबीचा तुकडा टाकून ही वस्ती वाढू द्यावी, आणि चाचणी-संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेले पाहूनच पहिला मासा आणावा. पाणी नितळ ठेवण्याच्या उत्साहात पेटी रिकामी करून वाळू, दगड, गाळणी सारे नळाखाली घासून धुण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे क्लोरीन असते आणि ते ही वस्ती बऱ्याच अंशी मारून टाकते. दुसऱ्या दिवशी पाणी लखलखीत असते आणि चौथ्या दिवशी मासे आडवे. गाळणीचा स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, आणि एका वेळी अर्धाच.

तुरटी नको, फेस हवा

पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवणे किंवा निवळीची बी उगाळणे आपल्याकडे जुने आहे. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमच्या आयनावर तीन धनभार असतात, आणि कण एकत्र आणण्याची त्याची शक्ती सोडियमच्या शेकडो पट असते. म्हणून चिमूटभर तुरटी हंडाभर पाणी निवळते. पेटीत मात्र तीच तुरटी नको. एक तर समुद्राच्या पाण्यात मातीचे कण आधीच बसलेले असतात, त्यामुळे तिला करण्यासारखे कामच नसते. दुसरे म्हणजे तिच्यातून तयार होणारा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट पुंजका कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांवर बसतो. आणि या क्रियेत आम्ल सुटून पाण्याचा पीएच सांभाळणारे बायकार्बोनेट खर्ची पडते.

तांब्याचेही तसेच. तांब्याच्या हंड्यातले पाणी पिण्यास चांगले म्हणतात, कारण तांबे जिवाणूंना मारते. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आतबाहेर तांबे औषध म्हणून वापरतात, पण वेगळ्या पेटीत आणि मोजून. एवढ्याच तांब्याने कोळंबी, समुद्रफूल, शंखवर्गी प्राणी मरतात. समुद्री पेटीचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये. प्लॅस्टिकची बादली बरी.

मग विरघळलेला मळ काढायचा कसा? समुद्रकिनारी लाटांचा जो फेस साचतो त्यात याचे उत्तर आहे. गोड्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून लगेच मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाहीत, बारीकच राहतात. एकच हवेचा दगड आधी साध्या आणि मग मिठाच्या पाण्यात सोडला तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. प्रथिनांसारख्या रेणूंचे एक टोक पाण्याला टाळते, त्यामुळे ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. उंच नळीत खालून बारीक बुडबुडे सोडले, की ते हा मळ गोळा करत वर येतात आणि वरच्या पेल्यात तपकिरी, दुर्गंधी फेस जमतो. तो टाकून द्यायचा. मळ कुजून अमोनिया होण्याआधीच तो पेटीबाहेर जातो, आणि जाता जाता पाण्याला भरपूर हवाही मिळते. पाणी नितळ आणि मासे निरोगी, अशी दोन्ही कामे एकदम करणारे यासारखे दुसरे साधन आमच्या पाहण्यात नाही. गोड्या पाण्याच्या पेटीत हे जवळजवळ निरुपयोगी.

उरलेला पिवळेपणा नारळाच्या कवटीपासून बनवलेल्या क्रियाशील कोळशाने जातो. चुलीतला कोळसा त्याची जागा घेऊ शकत नाही, त्यात राख असते. शिवाय दर आठवड्या-पंधरवड्याने १० ते २० टक्के पाणी बदलावे लागतेच, कारण नायट्रेट कोठेच जात नाही. मोठी मत्स्यालये ओझोन वापरतात. त्याने पाणी विलक्षण नितळ होते, पण समुद्राच्या पाण्यातील ब्रोमाइडशी ओझोनची क्रिया होऊन क्लोरीनसारखीच दाहक संयुगे बनतात. त्याला उपकरणांचा पहारा लागतो. शाळेने त्या वाटेला जाऊ नये.

मे महिन्यात

विदर्भातील उन्हाळ्यात कूलरच्या पॅडवर पांढरा कडक थर चढतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. पेटीतही तेच होते. १०० लिटर पाण्यात ३,५०० ग्रॅम क्षार आहेत. ५ लिटर पाणी उडाले की तेच क्षार ९५ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅम. पाण्याची पातळी उतरली म्हणून त्यात पुन्हा खारे पाणी ओतले, तर दर आठवड्याला खारेपणा चढत जाईल. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी कोऱ्या पाण्याने करायची. काचेवर रेघ मारून ठेवली तर हे काम पाचवीचा विद्यार्थीही करील.

वीज जाणे हा दुसरा धोका. पंप थांबला की प्राणवायू फक्त पृष्ठभागातून येतो, आणि बंद गाळणीतले सूक्ष्मजीव काही तासांत गुदमरतात. वीज आल्यावर ते कुजके पाणी सरळ पेटीत येते. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप जवळ असावा, आणि वीज बराच वेळ गेलेली असेल तर गाळणी पुन्हा सुरू करण्यापूर्वी तिच्यातले पाणी ओतून टाकावे.

कोणते मासे?

इतके सगळे वाचून एखाद्या शाळेने समुद्री पेटीचा बेत सोडला, तर आम्हांला वाईट वाटणार नाही. बाजारात येणारे पुष्कळसे समुद्री मासे प्रवाळ खडकांवरून पकडून आणलेले असतात. क्लाउनफिशसारख्या काही जातींची पैदास मात्र केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने साध्य केली आहे, आणि घ्यायचेच तर असे पैदास केलेले घ्यावेत. प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. दुकानदाराने दिले तरी ते पेटीत ठेवणे गुन्हा ठरतो.

खारपाणपट्ट्यातील शाळेला आम्ही आधी मॉली हा मासा सुचवू. तो मूळचा मध्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या बाजूचा. गोड्या पाण्यात राहतो, निमखाऱ्यात अधिक खुलतो आणि हळूहळू सवय केली तर समुद्राच्या खारेपणातही जगतो. लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी, जे माणसाच्या आणि कपाशीच्या मुळावर येते, ते त्याला सहसा बाधत नाही. फक्त त्याचा पीएच आणि नायट्रेट आधी तपासून घ्यावे. अशी एक पेटी विहिरीच्या पाण्याची, दुसरी आरओच्या पाण्यात मिश्र क्षार घालून लिटरला पाच-सहा ग्रॅमवर आणलेली, दोन्हींत सारखे मासे आणि सारखे अन्न. दर सोमवारी दोन्ही पेट्यांचा पीएच, अमोनिया, तापमान आणि विशिष्ट गुरुत्व मुलांनी वहीत लिहावे, आणि त्यापुढच्या रकान्यात पाणी कसे दिसले तेही. जूनपासून मार्चपर्यंत सुमारे ४० नोंदी होतील. ज्या सोमवारी पाणी सर्वांत नितळ दिसले आणि ज्या सोमवारी अमोनिया सर्वांत कमी भरला, ते दोन्ही एकच निघतात का, हे त्या वहीतून मुलांनाच शोधू द्यावे.